पेवात सोडलेला दिवा

चैत सरत आला की आमच्या दारातल्या लिंबाचा फुलोरा गळायला लागतो. बारीक, पांढरा, तांदळाच्या कणीसारखा. सकाळी उठून बघावं तर ओट्यावर, बाजेवर, आणि लिंबाच्या बुंध्याला साखळीनं बांधलेल्या सिलेंडरच्या डोक्यावर त्याचा थर बसलेला असतो. मी फडकं घेऊन सिलेंडर पुसतो. मग वाटीत साबणाचा फेस करतो आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं तो फेस सिलेंडरच्या सांध्याला लावतो. गालाला लावावा तसाच, हळूहळू, सगळ्या बाजूंनी. लावून झाला की वाकून बघत बसतो. फुगा आला नाही म्हणजे दिवस चांगला सुरू झाला.

येणारेजाणारे हसतात. परवा एकानं विचारलं, काका, झाली का सिलेंडरची दाढी? म्हणलं झाली, ये, आता तुझी करतो.

हा सिलेंडर चुलीचा नव्हे, सोड्याचा. पोरगं पुण्याला कामाला; आमची सून संगीता आल्याचा सोडा करून विकते. तिचं माहेर नायगावचं. तिची आई उन्हाळ्यात आलं ठेचून, गूळ घालून माठात दोन दिवस झाकून ठेवायची, वर फेस धरला की लिंबू पिळून घरादाराला पाजायची. पोट धरून पडलेला माणूस एका पेल्यात उठून बसायचा म्हणतात. संगीतानं तेच पाणी लातूरला आणलं, फक्त माठाच्या पुढं एक पायरी गेली. गाळलेलं पाणी ती स्टीलच्या उंच टाकीत भरते, टाकी बर्फात बसवते आणि वरून सिलेंडरचा गॅस सोडते. टाकीला दोन तोंडं. एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून सोडा बाहेर येतो. पेल्यात पडला की असा काही तडतडतो की पिणाऱ्याला आधी कानानं प्यावा लागतो.

मला ती तडतड कधी ऐकू आली नाही. पण ते पुढं सांगतो.

पहिल्यांदा ती टाकी घरात आली तेव्हा मीच मोठा आवाज केला होता. माठात आंबवायचं, टाकीत भरायचं, नळीनं काढायचं, ह्याला गल्ली काय म्हणेल? म्हातारपणी हातभट्टी घातली म्हणेल. आमची मंडळी, गिरजा, तेव्हा भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घातली तर घातली. पह्यला पेला तुम्हीच मागसाल." मागितला. लई चांगला लागला. तसं मी बोललो नाही, दुसरा पेला पुढं केला.

मी मूळचा शिरूर अनंतपाळचा. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पाइपात झालं. सोळा वर्षांचा होतो तेव्हा हातात पान्हा आला तो सत्तरीपर्यंत सुटला नाही. लातुरात पाण्याला काय मोल आहे हे लातूरकराला सांगायला नको. अशा गावात पाइपाचा सांधा जोडणाऱ्या माणसानं थेंब गळू दिला तर त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. आमची रीत ठरलेली. पाइपाच्या आट्यांना आधी सफेदा, म्हणजे जोडणीचा पांढरा लेप, चोपडायचा, त्यावर सुतळीचा धागा काढून आट्याच्या दिशेनं गुंडाळायचा, वरून पुन्हा सफेदा, मग पान्ह्यानं आवळायचं. शेवटचा अर्धा आटा दमानं. सफेद्याचा तो जवसाच्या तेलासारखा वास अजून माझ्या नखांत असावा. गिरजा म्हणायची, भाकरीलाबी सफेद्याचा वास येतोय. मी म्हणायचो, म्हणूनच भाकरी गळत नाही.

आणि कान. माझी खरी विद्या कानात होती. जमिनीखाली पाइप कुठं फुटलाय हे काढायला मी लांब पेचकस घ्यायचो, त्याचं टोक पाइपावर आणि मूठ कानाच्या भोकापाशी. पाणी बोलतं. भरलेला पाइप एक बोलतो, झिरपणारा दुसरं बोलतो. मी सांगायचो हितं खणा, आणि तिथंच ओली माती निघायची. मोठमोठे इंजिनिअर लोक बाजूला उभे राहून बघायचे. ह्या एका गोष्टीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तो कान जायला लागला होता. माणसाचं बोलणं कळायचं, कुत्रं भुंकलेलं कळायचं; पण बारीक आवाज, शिट्टीसारखे, कुकरचे, पाखरांचे, ते एकेक करून कमी झाले. कधी झाले ते कळलंही नाही. एक उन्हाळा असा आला की लिंबावर पाखरं चोची उघडून बसलेली दिसायची आणि आवाज काही नाही. मला वाटलं उन्हानं गप झाली असतील. नंतर उमगलं. उमगलं तरी कुणाला सांगितलं नाही. गिरजालाही नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी संगीतानं सिलेंडर आणला.

घर आमचं दोन खोल्यांचं. पुढची रस्त्याच्या बरोबरीनं, तिच्या खिडकीतून संगीता सोडा विकते. मागची दोन पायऱ्या खाली, जुनी, गार. तिथंच देव, तिथंच धान्य, आणि दुपारची गिरजाची झोप, फरशीवर, उशाला हात घेऊन. सिलेंडरला ऊन लागू नये म्हणून मी तो मागच्या खोलीत उभा केला आणि भिंतीला भोक पाडून नळी पुढं काढली. जोडणी मीच करणार होतो. घरात मिस्त्री असताना बाहेरचा कशाला?

रेग्युलेटरच्या नटात बटणाएवढी एक पांढरी चकती बसवलेली होती. मला वाटलं, धूळ जाऊ नये म्हणून कंपनीनं घातलेलं पॅकिंग. पेचकसानं काढली आणि टाकली. मग सिलेंडरच्या आट्यांना सफेदा चोपडला, सुतळी गुंडाळली, पुन्हा सफेदा, आणि आवळलं. शेवटचा अर्धा आटा दमानं. संगीता झाडू मारत होती. तिनं ती चकती उचलून विचारलं, मामा, हे कशाचं हाय? मी म्हणलं, कचरा हाय, दे टाकून.

महिनाभर पुरेल म्हणून सांगितलेला सिलेंडर पाच दिवसांत संपला.

मी म्हणलं गॅसवाल्यानं अर्धाच दिला. दुसरा आणला. तोही गेला. मी सांधा सोडला, सुतळी दुप्पट गुंडाळली, सफेदा तिप्पट लावला. पान्ह्याला पाइप घालून आवळलं. पेचकस काढला, टोक सांध्यावर ठेवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. काही नाही. म्हणलं, आवाज न्हाई. लिकेज न्हाई. संगीता दारात उभी होती. तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. ती म्हणाली, मामा, साबणाचं पाणी लावून बघू का? मी म्हणलं, साबणाचे फुगे पोरीसोरींनी उडवायचे असतात. माझ्या सांध्याला कुणी हात लावायचा न्हाई.

रोज सकाळी ती सिलेंडर जरासा कलंडून बघायची. हलका लागून राहिला, म्हणायची. मी तिला रेग्युलेटरचं घड्याळ दाखवायचो. काटा बघ, जागचा हललाय का? काटा खरंच जागचा हलत नव्हता. आणि मग एकदम पडायचा. मी काट्यावर विश्वास ठेवला, कानावर ठेवला, हातावर ठेवला. रोज दुपारी गिरजा म्हणायची डोकं जड झालंय, तिच्यावर मात्र ठेवला नाही. म्हणलं ऊन बाधलं असेल.

अशात आकिती आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडं आकिती म्हणतात. त्या दिवशी पित्रांना गार पाणी पोचवायचं. गव्हाच्या छोट्या राशीवर मातीची नवी केळी ठेवायची, ती पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर आंबा ठेवायचा. पित्रांना दिल्याशिवाय आमच्या घरात आंबा कुणी तोंडात घालत नाही. समोर पाट, नैवेद्य आणि दिवा.

आदल्याच दिवशी नवा, भरलेला सिलेंडर आला होता. आकितीला लग्नं दाट, संगीताला दोन मांडवांची ऑर्डर होती. मी पुन्हा माझ्या पद्धतीनं सांधा बांधला होता, ह्या वेळी दात खाऊन. ऊन एवढं की पुढची खिडकी सोडून सगळी दारं लोटलेली, मागच्या खोलीच्या खिडकीला ओलं तरट. गिरजा सकाळपासून आतच होती, केळी मांडत, रांगोळी काढत. बारा वाजता तिनं मला दिवा लावायला बोलावलं.

मी पाटासमोर बसलो. वात लावली, निरांजन खाली ठेवलं. विझलं.

पुन्हा लावलं. हातात होतं तोवर चांगलं जळत होतं, खाली टेकवलं की ज्योत लांबट झाली, पिवळी झाली आणि गेली. वारा नव्हता. पानसुद्धा हललं नसतं असली कोंडलेली दुपार. गिरजा भिंतीला टेकून बसली होती. हळू म्हणाली, "पित्रं नाराज हायेत." मी म्हणलं तेलात पाणी असंल. वात बदलली. तिसऱ्यांदा काडी ओढली आणि वाकलो, तर काडीच विझली. गुडघ्याच्या खाली हात गेला आणि विझली. दुसरी ओढली. तीही तिथंच. जसं काही खोलीत गुडघाभर पाणी साचलंय आणि काडी त्या पाण्यात बुडतेय.

तेवढ्यात नाकात झिणझिण्या आल्या. आंबूस. सोडा घाईत प्यायल्यावर नाकातून येतो तशा. पण मी सोडा प्यालोच नव्हतो.

आणि मला पेव दिसलं.

शिरूरला आमच्या वाड्याच्या नाही, गल्लीच्या चौकात पेव होतं. जमिनीत खणलेली विहिरीएवढी खोल कोठी, तोंड लहान, पोट मोठं, आत ज्वारी भरून वरून माती लिंपायची. वर्षावर्षानं उघडायचं. उघडलं की कुणी लगेच उतरायचं नाही. माझा बाप सुतळीला कंदील बांधायचा आणि आत सोडायचा. आम्ही पोरं पोटावर पडून तोंडातून बघायचो. कंदील खाली खाली जायचा, ज्वारी पिवळी दिसायची, आणि मग एका जागी तो पट्कन विझायचा. बाप म्हणायचा, अजून न्हाई. पेवानं श्वास सोडला न्हाई. मग तो वर काढायचा, सगळे विड्या ओढत बसायचे, पुन्हा सोडायचे. कंदील तळाला जाऊन जळत राहिला की माणूस उतरायचा. एकदा शेजारच्या गावात घाई केली, दिवा सोडला नाही. दोन भाऊ उतरले. त्यांना वर काढलेलं मी पाहिलंय. अंगावर ओरखडा नव्हता.

हे मला सगळं माहीत होतं. साठ वर्षं माहीत होतं. माझ्याच घरात, दोन पायऱ्या खालच्या खोलीत, मी तीन वेळा दिवा विझवून बसलो होतो.

गिरजाकडं बघितलं. तिची मान छातीवर आली होती. हाक मारली तर ती हुं म्हणाली, पण डोळे उघडले नाहीत. मी उठायला गेलो तर पाय माझे नव्हते. ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. संगीता पुढच्या खोलीतून धावत आली, दार सताड उघडलं, आणि तिनं आधी माझ्याकडं नाही, सासूकडं धाव घेतली. काखेत हात घातले. मी पाय धरले. दोन पायऱ्या. दोनच पायऱ्या, पण एवढं ओझं मी लोखंडी पाइपाचंही कधी वाहिलं नाही.

ओट्यावर, लिंबाखाली, बाजेवर तिला टाकलं. मला एकदम वाटलं चावी बंद करायला पाहिजे. वळलो. तर संगीतानं माझं मनगट धरलं.

आमच्यात सून सासऱ्याला हात लावत नाही. नऊ वर्षांत तिनं माझ्यासमोर पदर ढळू दिला नव्हता, पाण्याचा तांब्यासुद्धा खाली ठेवायची, मग मी उचलायचो. त्या दुपारी तिनं माझं मनगट असं धरलं होतं की तिच्या बांगड्यांचे वळ उठले. म्हणाली, "मामा, आत जायचं न्हाई. एकाला काढलं, दुसऱ्याला कोण काढंल?"

मी जागेवर बसलो. तिनं सासूच्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. एक काय दोन मिनिटं गेली असतील. मी मोजत नव्हतो, मी लिंबाकडं बघत होतो. तेवढ्यात गिरजानं मोठा श्वास घेतला, जसा पोहणारा वर आल्यावर घेतो. डोळे उघडले. इकडंतिकडं बघितलं आणि पहिला शब्द बोलली:

"केळीवरला आंबा मांजरानं न्हेला का बघा."

संगीता हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी आंबा बघायला जातो म्हणलं तर दोघींनी मला एकदमच गप केलं.

गिरजाला रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले, सोड्याचा गॅस हवेपेक्षा जड, पाण्यासारखा खाली साचतो, तर चांगली हवा लागू द्या आणि त्या खोलीत पाय ठेवू नका. परत आलो तर दारं तशीच उघडी. आता आत कधी जायचं हे कुणाला कळेना. तेव्हा मी उठलो. माळ्यावरचा जुना कंदील काढला, पेटवला. माझ्या हत्यारांच्या पिशवीतून सुतळी काढली. तीच सुतळी. कंदील बांधला, लांब काठीच्या टोकाला अडकवला, आणि दारातच उभं राहून पायऱ्यांवरून खाली, फरशीपर्यंत सोडला.

विझला.

संगीता शेजारी उभी होती. मी म्हणलं, अजून न्हाई. खोलीनं श्वास सोडला न्हाई. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हा आवाज माझा नाही, बापाचा आहे. आम्ही बसलो. अर्ध्या तासानं पुन्हा सोडला. ज्योत लांबली, पण टिकली नाही. तिसऱ्या वेळेला कंदील फरशीवर उभा राहिला आणि जळत राहिला. मी शंभरापर्यंत मोजलं. मग म्हणलं, जा आता, चावी आवळ. ती गेली, आवळून आली.

संध्याकाळच्या आधी, ऊन उतरताना, ती माझ्यासमोर येऊन बसली. खाली मान घालून बोलली. म्हणाली, चूक तिची आहे. शिट्टी वाजत होती. बारीक, पण सारखी. पहिल्या दिवसापासून तिला दारातून ऐकू येत होती.

"तुम्ही कान लावून म्हणले, आवाज न्हाई. मला वाटलं, मोठ्या माणसाला खोटं कसं पाडावं."

 तिनं माझा मान राखला होता, आणि तो मान माझ्या बायकोच्या छातीवर जाऊन बसला होता. मला वाटलं रागवावं. सवय ती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मला शिट्टी ऐकू येत न्हाई, संगीता. दोन वर्सं झाली. पाखरंबी येत न्हाईत."

बाजेवरून गिरजा म्हणाली, "दोन न्हाई, चार." म्हणजे तिला ठाऊक होतं. चार वर्षं कुकरच्या शिट्ट्या ती एकटी मोजत होती आणि मला म्हणत होती, झाल्या बघा तीन.

दुसऱ्या दिवशी मी रेग्युलेटर पिशवीत घालून खाजामियाँकडं गेलो. खाजामियाँ गॅस वेल्डिंगवाले, त्यांचं घराणं दोन पिढ्यांपासून ह्याच चौकात. माझे सांधे आणि त्यांचे टाके, आम्ही मिळून अर्ध्या लातुराला पाणी पाजलंय. सोबत संगीता होती. त्यांनी रेग्युलेटर हातात घेतला, सुतळी बघितली, सफेदा बघितला, आणि चष्मा काढून ठेवला.

"मिस्त्री," ते म्हणाले, "गॅसला काय लुगडं नेसवलंय का?"

हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. मग शांतपणे दाखवलं. पाण्याच्या पाइपात आटाच पाणी अडवतो, म्हणून आट्याला सुतळी. इथं आट्याचं काम फक्त ओढून धरायचं. अडवायचं काम तोंडावर, दोन सपाट कडांच्या मधे, एका वायसरचं. वायसर नसला तर वरून गोणपाट गुंडाळलं तरी गॅस निघतोच. आणि घड्याळाच्या काट्याचंही सांगितलं. आत गॅस पातळ होऊन बसलेला असतो, तेलासारखा. शेवटचा थेंब असेपर्यंत काटा भरलेलंच दाखवतो. काट्यावर जाऊ नका, वजनावर जा. म्हणजे संगीता रोज सकाळी कलंडून बघायची तेच खरं होतं.

"ह्यातला पांढरा वायसर कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी संगीताकडं बघितलं. संगीतानं पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. उघडला. कुंकवात लाल झालेली ती बटणाएवढी चकती. मी कचरा म्हणालो होतो ती. तिनं टाकली नव्हती.

खाजामियाँनी चकती पुसली, बघितली, म्हणाले ही आता चालायची नाही, पेचकसानं ओरबाडली आहे. त्यांनी डब्यातून नवी दिली, आणि वर चार जास्तीच्या दिल्या. दर सिलेंडरला नवी, म्हणाले. जुनी पुन्हा वापरायची नाही. मग माझ्याकडं वळून, मला ऐकू जावं म्हणून तोंड जवळ आणून बोलले, "आणि कानाचं काम आता डोळ्याला द्या. फेस लावा. फुगा दिसतो, फुगा बोलत नाही." माझ्या कानाचं त्यांना संगीतानं सांगितलं असेल, की त्यांनाही आधीपासूनच ठाऊक होतं, मी विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षं जो माणूस शेजारी उभा राहून टाके मारतो त्याला काय ठाऊक नसतं?

माघारी येताना संगीता रस्त्यात दाढीच्या ब्रशचा विषय काढून बोलली. तुमचा तो जुना हाय ना मामा, केस मऊ झालेला, तोच चांगला बसंल. एवढंच. तिनं मला नवं काम दिलं, आणि असं दिलं की जसं काही ते पहिल्यापासून माझंच होतं.

त्या उन्हाळ्याला काही उन्हाळे होऊन गेले. सिलेंडर बाहेर आला तो बाहेरच राहिला, लिंबाच्या सावलीत, साखळीला. मागच्या खोलीच्या दाराची फळी मी काढूनच टाकली. आता तिथं नुसता पडदा आहे. पोराचा पुण्याहून फोन येतो, तो म्हणतो बाबा, कानाचं मशीन घेऊ या. मी म्हणतो बघू. गिरजा मागून म्हणते, बघू म्हणजे न्हाई. तिला मी काय म्हणतो ते बरोबर ऐकू येतं.

ज्या ज्या सिलेंडरला नवा वायसर लावला, त्याचा जुना मी टाकत नाही. सुतळीत ओवतो. ती माळ सिलेंडरच्या साखळीलाच लटकते. गिऱ्हाईक विचारतात ही कसली माळ, नवसाची का? माहूरला जाऊन आल्यावर काही बायका तसं काहीबाही बांधतात म्हणून त्यांना वाटत असेल. मी हो म्हणतो. अगदीच खोटं नाही ते.

कधीकधी दुपारी बसल्या बसल्या मनात येतं, दिवा विझणं किती वाईट मानतो आपण. दिवा विझला असं तोंडानंही म्हणत नाही, शांत झाला म्हणतो. मी तर त्या दिवशी वातीला, तेलाला, पित्रांना, सगळ्यांना दोष देऊन बसलो होतो. पित्रं नाराज आहेत, गिरजा म्हणाली होती. आज वाटतं, ज्यानं साठ वर्षांपूर्वी सुतळीला कंदील बांधून मला पोटावर झोपवून दाखवलं, तो नाराज कसला? तो तीन वेळा फुंकर मारून सांगत होता. पोरगं हट्टी आहे, एकदा सांगून कळत नाही, हे त्याला ठाऊकच होतं. हट्ट तर त्याचाच घेतलाय.

ह्या वर्षीची आकिती आज झाली. गिरजानं पहाटेच गहू मांडला, केळी भरली, आंबा ठेवला. संगीतानं नैवेद्याच्या ताटाशेजारी आल्याच्या सोड्याचा पेला ठेवला. गिरजा म्हणाली पित्रांना सोडा कुणी देतं का? संगीता म्हणाली, उन्हातून येऊन राहिले आत्याबाई, पाण्यापेक्षा बरं वाटंल. पेल्यात बुडबुडे वर येत होते, एकामागून एक, सगळे दिसत होते.

मी पाटासमोर बसलो. काडी ओढली, वात लावली. निरांजन उचलून हळूहळू खाली नेलं, छातीवरून, पोटावरून, गुडघ्याच्या खाली, फरशीपर्यंत. टेकवलं. हात काढला.

गिरजा शेजारी येऊन बसली, खाली, त्याच भिंतीला टेकून. बघताय काय, म्हणाली, पाया पडा. मी म्हणलं, थांब. मनातल्या मनात शंभरापर्यंत मोजलं. ज्योत जागची हलली नाही.

मग पाया पडलो.